रुमालाखालचं भाडं

गेल्या मे महिन्यात आई अमळनेरहून जळगावला आली. वय अठ्ठ्याहत्तर. एसटीत तिने आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरने मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात ठेवलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे, आणि ते तिकीट आई बटव्यात जपून ठेवते, कुणी मागितलं तर असावं म्हणून. नवीन बसस्थानकाच्या दारात मी तिला घ्यायला उभी होते. दुपारचे दोन वाजलेले, ऊन असं की चपलेचा तळ डांबराला धरावा. महाबळला जायचं होतं.

"दीडशे," पहिल्या रिक्षावाल्याने सांगितलं.

"दादा, रोजची जाणारी आहे मी."

"मग शंभर द्या."

आईला राहवलं नाही. "तुन्ही रिक्षा सोनानी शे का रे भो?"

तो हसला, शेजारचे दोघे हसले, आम्हीही हसलो. ऐंशीवर मिटलं. बसताना त्याने आईची पिशवी स्वतः उचलून आत ठेवली आणि घरापाशी उतरताना तिचा हात धरला. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते.

ऐंशी रुपयांचंही मला काही वाटलं नाही. मनात राहिलं ते वेगळंच. अर्ध्या मिनिटात दीडशेचे ऐंशी झाले, आणि त्या अर्ध्या मिनिटात बदललं काय? अंतर तेच, पेट्रोल तेच, ऊन तेच. बदललं एवढंच की मी कोण आहे ते त्याला कळलं. मी दारात उभी नसते तर आईने दीडशे दिले असते. ती सिव्हिलला कुणाला भेटायला आलेली, भांबावलेली, हातात डबा असलेली बाई असती तर कदाचित त्याहूनही जास्त. आमच्या शहरात रिक्षाचं भाडं किलोमीटरवर ठरत नाही. उतारूच्या तोंडाकडे बघून ठरतं. ज्याला गावाची माहिती कमी, ज्याची घाई मोठी आणि ज्याच्या हातात सामान किंवा पेशंट, त्याला भाडं जास्त. म्हणजे ज्याच्याकडून कमी घ्यावेत त्याच्याचकडून जास्त घेतले जातात.

यावर बोलायला बसलं की गाडी हमखास एकाच रुळावर जाते: रिक्षावाले माजलेत. दिवाळीत पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे हे ऐकवतात, कॉलनीतले निवृत्त काका ऐकवतात, आणि नंतर आठ दिवसांची तपासणी मोहीम निघते, चौकात पावत्या फाटतात, नवव्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. मला हे निदानच चुकीचं वाटतं. रिक्षावाल्यांचा स्वभाव बिघडला असता तर तो दिवसभर बिघडलेला दिसला असता. तसं नाही, हे मी रोज बघते.

गेली अकरा वर्षं मी कामावर सीटनेच जाते. सीट म्हणजे काय ते जळगावकराला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. रिक्षा ठरलेल्या रस्त्याने धावते, हात केला की थांबते, माणशी पैसे घेते. मागे चार, कधी पाच. पुढे ड्रायव्हर आपल्याच सीटच्या काठावर अर्धा टेकलेला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक उतारू. "चला एक सीट, एक सीट" असं ओरडत तो चौफुलीवर दोन मिनिटं इंजिन घरघरवत ठेवतो, तोवर आतल्या बाया पदराने वारा घेतात. वीस रुपये. अकरा वर्षांत मला सीटला कुणी जास्त मागितलेलं आठवत नाही. सुट्टे नसले तर "उद्या द्या ताई" म्हणणारेही याच लोकांत आहेत, आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच रिक्षात बसले तरी मी ते पैसे "त्या दाढीवाल्या दादांना द्या" म्हणून दिलेले आहेत. ते पोचले असतील अशी माझी खात्री आहे.

आता हाच माणूस. दुपारी सीट मारताना वीसच्या वर एक रुपया न घेणारा. तोच संध्याकाळी स्टेशनच्या नंबरात लागला आणि कुणी बॅगवाला पुढे आला की "स्पेशल" म्हणून दोनशे सांगतो. माणूस तोच, रिक्षा तीच. फरक कशाने पडतो?

एकदा एरंडोलकडून आलेली एक म्हातारी सीटमध्ये माझ्या शेजारी बसली होती. तिने घाबरत विचारलं, "किती द्यायचे गं बाई?" ड्रायव्हरने तोंड उघडायच्या आत आतून तीन आवाज आले: "वीस द्या, वीस." फरक तिथे आहे. सीटमध्ये पाच साक्षीदार बसलेले असतात. तिथे पन्नास मागायची सोयच नाही, मागितले तर पाच माणसं त्याच्याकडे बघतील. स्पेशलमध्ये साक्षीदार कुणी नाही. तो आणि तुम्ही.

लहानपणी वडिलांबरोबर बैलबाजार बघितलेला आहे. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात एका रुमालाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, बाजूला उभा असलेल्याला काही पत्ता लागायचा नाही. दलालाला मात्र दोन्हीकडचं ठाऊक. शेतमालातही ही रीत होती आणि ती मोडायला कायदे करावे लागले. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजाराचा कायदा झाला, आणि त्याखाली जे सुरुवातीचे नियंत्रित बाजार उभे राहिले त्यांत आपलं धुळं होतं. पुढे १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा आला आणि उघड लिलाव ही रीत झाली. कापसात ओल दाखवून भाव पाडणं, काट्यात मारणं हे सगळं नंतरही चाललं, ते मला माहीत आहे. शेतकऱ्याची मुलगी आहे मी. पण निदान भाव चारचौघांत पुकारला जाऊ लागला. हे खानदेशने शंभर वर्षांपूर्वी शिकलेलं आहे.

आणि त्याच खानदेशात, ज्या जळगावला सुवर्णनगरी म्हणतात, जिथे सराफ बाजारात सकाळी निघालेला सोन्याचा भाव दहाव्या मिनिटाला चहाच्या टपरीवर ठाऊक असतो, जिथे रावेरच्या केळीचा आजचा भाव शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलवर बघतो, तिथे स्टेशनपासून महाबळपर्यंतच्या तीन-साडेतीन किलोमीटरचा भाव कुणालाच ठाऊक नसतो. तो रुमालाखालीच ठरतो. गंमत अशी की रिक्षात समोर पैसे भरायचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो. पैसे कसे द्यायचे याची पाटी आहे, किती द्यायचे याची नाही.

मीटर? मीटर आहे की. आईला घेऊन आलेल्या त्या रिक्षात मी नीट बघितलं. हँडलच्या डाव्या बाजूला पेटी होती, काच धुरकट झालेली, वर झेंडूची वाळलेली माळ, आणि पेटीच्या कोपऱ्याला पाण्याची बाटली दोरीने टांगलेली. मी विचारलं, "हे चालू आहे का दादा?" तो म्हणाला, "पासिंगच्या दिवशी चालू होतं." इतकं सरळ उत्तर मला कुठल्याही कचेरीत मिळालेलं नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ६७ व्या कलमाने भाडं ठरवायचा अधिकार सरकारकडे, आणि जिल्ह्यात हे काम प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचं, ज्याच्या अध्यक्षपदी जिल्हाधिकारी असतात. १७८ व्या कलमानुसार परवानाधारक गाडीने भाडं नाकारणं हा गुन्हा. रिक्षात तीनच उतारू बसवायचे, हाही नियम. म्हणजे कागद पुरेसे आहेत. पण आमच्या रस्त्यावर याची जी अवस्था झाली आहे ती बघा. कायद्यात बसणारं ते मीटर मेलेलं, आणि कायद्यात न बसणारी ती सीट मात्र ठणठणीत आणि सचोटीने चालू. सहा-सात माणसं कोंबणं धोक्याचंच आहे, ड्रायव्हरच्या बाजूला एका कुल्ल्यावर बसून महामार्ग ओलांडणाऱ्या कॉलेजच्या पोरांकडे बघून माझ्या पोटात गोळा येतो, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण लोकांनी आणि रिक्षावाल्यांनी आपसांत, कुणीही न सांगता, एक भाव ठरवला आणि तो पाळला. हे ज्यांनी करून दाखवलं त्यांना "माजलेले" म्हणून चालणार नाही.

मीटर सुरू करा म्हणून आंदोलन करणाऱ्यांशी माझं इथे पटत नाही. मीटर मुंबईत चालतं त्याला कारणं आहेत. तिथे गाडी उतारू सोडते तिथेच दुसरा उतारू उभा असतो. आमच्याकडे निमखेडीला किंवा पिंप्राळ्याच्या पलीकडे सोडलं की रिक्षा रिकामी परत येते, आणि ते रिकामं येणं मीटरला दिसत नाही. "रिटर्न भाडं नाही ना ताई" हे बहाणा म्हणून ऐकायची आपल्याला सवय झाली आहे, पण बहुतेक वेळा ते खरं असतं. मीटर आम्हाला पेलणार नाही. मग उरतं काय? पाटी.

मुंबईचं सांगते. दोन वर्षांमागे मोठ्या भावाला परळला दाखवायला न्यायचं होतं. खानदेशातून परळला जाणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात कॅन्सर आलाय त्याला वेगळं सांगायला नको. पहाटे दादरला उतरलो. पहिल्या टॅक्सीवाल्याने परळ ऐकून मान हलवली, दुसऱ्याने काच वर केली. जवळचं भाडं कुणाला नको असतं. तासभर रांगेत थांबून मिळणार किमान भाडं. तेव्हा मलाही संताप आला. तिसरा म्हातारा होता, त्याने काही न बोलता मीटर टाकलं. उतरताना मीटरवर आकडा होता तेवढे भावाने दिले, म्हाताऱ्याने सुट्टे परत केले आणि गेला. भाऊ फुटपाथवर उभा राहून म्हणाला, "काही बोललाच नाही गं हा." चोपड्याच्या माणसाला मुंबईत सगळ्यात नवल वाटलं ते याचं, की पैशाबद्दल कुणी बोललंच नाही.

म्हणजे मुंबईचं दुखणं वेगळं. तिथे भाव उघडा आहे, गाडी यायला तयार नाही. फेब्रुवारी २०२५ पासून तिथे टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आणि रिक्षाचं २६ रुपये झालं, दीड किलोमीटरला, आणि ही बातमी नंदुरबारच्या माणसानेही वाचली. आपल्या जिल्ह्याच्या गावचं भाडं किती, ते मात्र त्यालाच ठाऊक नाही. मुंबईचा दर आपल्याला पाठ आणि आपला दर माहीत नाही, ही कसली तऱ्हा?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला निरोप दिला गेला तेव्हा पुष्कळांनी हळवं होऊन लिहिलं. मला त्या गाडीपेक्षा तिच्यातल्या कार्डाची आठवण येते. जुन्या मीटरवरचा आकडा आणि खरं भाडं यांचा मेळ नसे. दर वाढले की मीटर तेच राहायचं, बदलायचं ते कार्ड. ड्रायव्हर सन व्हायजरमागून प्लास्टिकमध्ये घातलेलं ते कार्ड काढून द्यायचा, आपण आकड्यासमोरचा आकडा बोटाने शोधायचा, आणि विषय संपला. यंत्र जुनाट होतं, अंधुक होतं, तरी वाद होत नसे, कारण कागद दोघांच्या मध्ये होता. मला जळगावात, भुसावळात, धुळ्यात, नंदुरबारात नेमका तो कागद हवा आहे. स्टेशनच्या दारात, एसटी स्टँडच्या दारात, सिव्हिलच्या फाटकावर आणि विमानतळावर, माणसाच्या उंचीएवढा. त्यावर पंधरा-वीस ठिकाणांची नावं आणि समोर आकडे. दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे. रिकामं परत यावं लागतं त्या ठिकाणांचे आकडे त्या हिशेबाने जास्त. आणि हे आकडे ठरवताना टेबलाच्या एका बाजूला रिक्षा संघटनांची माणसं बसलेली.

रिक्षावाला यातून काय कमावणार, असं मला एकाने विचारलं. तो आमच्याच स्टँडवरचा, पंधरा वर्षं रिक्षा चालवतोय, रिक्षा मालकाची, रोजाने. त्याच्याशी एकदा गाडीची वाट बघताना बराच वेळ बोलणं झालं. त्याचा हिशेब असा. स्टेशनवर नंबर लावला की पुढे वीस-पंचवीस रिक्षा. नंबर यायला कधी तास, कधी दीड तास. मालकाचा रोज निघायचाय, पेट्रोल शंभरीच्या वर. "मग ताई, दीड तासाने आलेल्या एका भाड्यात दीड तास वसूल करणार नाही तर काय करणार?" म्हणजे मी मोजते ते दहा मिनिटांच्या प्रवासाचे पैसे, आणि तो मागतो दीड तासाच्या थांबण्याचे. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि म्हणूनच रोज भांडण.

ही रांग लांबली का, याचंही उत्तर आहे. २०१७ साली राज्याने रिक्षा परवान्यांवरची संख्येची मर्यादा काढली. परवान्यांचा काळाबाजार मोडला, हे चांगलंच झालं. पण शेती परवडेना, कारखान्यात काम नाही, अशा पोरांना हप्त्यावर रिक्षा घेणं हा एक रस्ता मोकळा सापडला. कापूस हातचा गेलेल्या वर्षी गावाकडची चार पोरं शहरात रिक्षा घेऊन येतात, हे मी माझ्याच नात्यात बघितलं आहे. रिक्षा वाढल्या, उतारू तेवढेच. तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला फेऱ्या कमी आणि प्रत्येक फेरीवर ओझं जास्त. २०२४ मध्ये पासिंगला उशीर झाला तर रोज ५० रुपये आकारायचं ठरलं, तेव्हा राज्यभर रिक्षावाले रस्त्यावर उतरले आणि वसुली थांबवावी लागली. पन्नास रुपये रोज! ज्याला ते जड जातात तो गब्बर नाही, एवढं तरी मान्य करावं लागेल.

पाटी लागली तर आपला तोटा होईल असं स्टँडवरच्या त्या रिक्षावाल्याला वाटत होतं. मी म्हटलं, दीडशेच्या धाकाने किती लोक रिक्षा करतच नाहीत ते कधी मोजलंय का? आमच्या कॉलनीत पाहुणा येणार म्हटलं की कुणीतरी स्कूटी घेऊन स्टेशनला पळतं. पुतण्या, जावई, शेजारचा पोरगा, जो मोकळा असेल तो. चार किलोमीटर जायला, चार यायला, पार्किंगचे वेगळे, आणि मध्ये गाडी लेट. हे सगळं का, तर रिक्षावाल्याशी बोलावं लागू नये म्हणून. सत्तर रुपये लिहिलेले असते तर ही माणसं रिक्षाने आली असती. तो गप्प बसला, मग म्हणाला, "हे पण आहे." पटलं असं म्हणाला नाही.

रात्रीचं वेगळं लिहायला हवं. गाडी पहाटे दोनला आली, मी एकटी, प्लॅटफॉर्मबाहेर सात-आठ रिक्षा आणि पंधरा माणसं. तीनशे सांगितले. मी घासाघीस केली नाही. पैसे जास्त होते म्हणून नव्हे, तर रात्री दोन वाजता, सामान घेऊन, अनोळखी माणसाशी वाद घालून मग त्याच्याच गाडीत एकटीने बसायचं, हे कुठल्या बाईला परवडेल? घासाघीस ही मोलाची कला म्हणून आपण मिरवतो, पण ती करायला वेळ, जागा आणि पाठीशी कुणीतरी लागतं. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. त्या अर्ध्यात वाचलेलं सगळं स्टँडच्या बाहेर, एका वाक्यात निघून जातं. मुंबईत मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के जास्त घ्यायची मुभा आहे. आमच्याकडे रात्रीला दीडपट ठेवा, माझी हरकत नाही. पण ते भिंतीवर असू द्या, म्हणजे मला बोट दाखवून गप्प बसता येईल.

ॲप येऊ द्या, सगळं सुरळीत होईल, असं माझा मुलगा म्हणतो. तो पुण्यात असतो. त्याच्या ॲपची मजा मी बघून आले आहे. गाडी बुक झाली की ड्रायव्हरचा फोन: "कुठे जायचंय? कॅश का ऑनलाइन?" उत्तर मनासारखं नसलं की फोन बंद, गाडी नकाशावर एकाच जागी रुतलेली, आणि दहा मिनिटांनी रद्द. केंद्राने जुलै २०२५ मध्ये ॲपवाल्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत विनाकारण रद्द केल्यास भाड्याच्या दहा टक्के, जास्तीत जास्त शंभर रुपये दंड सांगितला आहे. त्याच कागदात गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत जायची मुभाही आहे. ॲपने एक काम नक्की बरोबर केलं: बसायच्या आधी आकडा दाखवला. पण तो आकडा माझा वेगळा, शेजारच्या बाईचा वेगळा, आणि पाऊस आला की आणखी वेगळा. हा रुमालच झाला, फक्त आता त्याखालचा हात कुणाचा ते दिसतही नाही. शिवाय माझ्या आईकडे बटणांचा फोन आहे. तिच्यासाठी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेली पाटी हेच ॲप.

शहरात बस असती तर यातलं अर्धं लिहावं लागलं नसतं, हेही खरं. बस म्हणजे नुसतं वाहन नव्हे, ती गावाचा भाव बांधून देते. दहा रुपयांत बस जाते म्हटलं की रिक्षा शंभर मागताना दोनदा विचार करते. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये दहा हजार ई-बसची योजना मंजूर केली, २०११ च्या जनगणनेत तीन लाखांवर लोकसंख्या असलेली शहरं त्यात धरली. जळगाव तेव्हाच साडेचार लाखांच्या पुढे होतं, धुळं पावणेचार लाख. त्या बसमध्ये बसायची मला मनापासून इच्छा आहे. पण बसला डेपो लागतो, चार्जिंग लागतं, ड्रायव्हर-कंडक्टर लागतात, आणि दरवर्षीचा तोटा सोसणारं कुणीतरी लागतं. पाटीला एक पत्रा, दोन खांब आणि एक रंगारी लागतो. बस येईल तेव्हा येवो.

पाटी लावली तर तिच्यावर पंधरा दिवसांत कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढेल, असं आमच्या स्टाफरूममध्ये म्हणतात. चढेलही. गॉगलवाल्या दादांच्या फोटोखालून "पिंप्राळा – ७०" एवढंच डोकावेल. दर बदलले तरी पाटी जुनीच राहील, हीसुद्धा भीती खरी. म्हणून आकडे ठरवायची बैठक वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात व्हावी, आणि सीटच्या मोठ्या मार्गांनाही त्याच बैठकीत परवानगी देऊन टाकावी, माणसांची संख्या बांधून. मुंबईत चर्चगेटहून नरिमन पॉइंटला शेअर टॅक्सी माणशी पैसे घेऊन चालते, त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. जे प्रामाणिकपणे चालू आहे ते चोरून चालवायला लावायचं कशाला?

तक्रार करा ना मग, असं कुणी सांगतं. मी एकदा केली होती, नंबर लिहून, तारीख-वेळ घालून. ज्याने जास्त घेतले होते तो पंचविशीतला पोरगा होता. नंतर मलाच वाईट वाटत राहिलं. जास्त म्हणजे किती जास्त, हे मी कशाच्या आधारावर म्हणत होते? मूळ किती होते, ते मला तरी कुठे माहीत होतं? पुढे त्या तक्रारीचं काही झालं नाही, आणि काही झालं नाही याचं मला हायसंच वाटलं.

मागच्या वर्षी आमच्या भागात एक रिक्षा फिरायची. हिरवा हूड, आणि ड्रायव्हरच्या सीटमागे, उतारूच्या डोळ्यांसमोर, पांढऱ्या ऑइलपेंटने हाताने लिहिलेलं: स्टेशन ७०, स्टँड ६०, सिव्हिल ६०, विद्यापीठ १८०, रात्री दीडपट. अक्षर शाळेतल्या पोरासारखं, ओळी उताराला लागलेल्या. मी त्याला विचारलं, कुणी लिहायला सांगितलं? म्हणाला, "कुणी नाही. रोज रोज तोंड वाजवून कंटाळा आला." चारपाच महिने मी शक्यतो त्याचीच वाट बघायची. शेजारणीही त्यालाच फोन करायला लागल्या.

परवा तो पुन्हा भेटला. मधले काही दिवस दिसला नव्हता. बसले आणि समोर बघितलं तर ठिकाणांची नावं तशीच होती, पुढचे आकडे चाकूने खरवडल्यासारखे निघालेले. मी काही विचारलं नाही. त्यानेच आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "स्टँडवर राहायचं तर ऐकावं लागतं ताई."

घरापाशी उतरले. "किती झाले?" मी विचारलं.

"द्या ना," तो म्हणाला, "नेहमीचे."